आधी मासा, मग उंदीर

सकाळी ८.४५ मत्स्यगृहातलं पाणी तपासते. तापमान २८.५ अंश, सामू सातच्या आसपास. रात्री पंप बंद पडला असेल तर आजचे सगळे प्रयोग बाद.

९.०० दिवे लागतात. इथे १४ तास उजेड, १० तास अंधार. काल संध्याकाळी झेब्राफिशच्या नर-मादीत लावलेला पडदा काढते. उजेड होताच मादी अंडी घालते, दीडशे-दोनशे सहज. ती जाळीतून खाली पडतात. नाहीतर आईबापच ती खाऊन टाकतात.

१०.३० अंडी गाळून पेट्री डिशमध्ये घेते. पांढरी पडलेली मेलेली. ती ड्रॉपरने वेचून काढते. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. निसर्गअभ्यासक हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. प्रयोगशाळेत त्याला मानाचं स्थान मिळवून दिलं ते ओरेगॉन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी.

दुपारी १२.०० परवाची पिल्लं आता ४८ तासांची आहेत. प्लेटच्या ९६ खळग्यांत पिल्लं आणि औषधांच्या वेगवेगळ्या मात्रा. अंग पारदर्शक, त्यामुळे चिरफाड न करता मायक्रोस्कोपखाली जिवंत हृदय दिसतं. टर्फेनाडिनच्या खळग्यात अलिंद दोनदा आकुंचन पावतं, निलय एकदाच. ॲलर्जीवरचं हे औषध हृदयाची लय बिघडवतं म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गेलं. ते ज्या पोटॅशियम प्रवाहाला अडवतं, त्यावर प्रौढ उंदराचं हृदय फारसं अवलंबून नसतं. मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके देणारं ते हृदय हा धोका नीट दाखवत नाही. बोटाच्या नखाहून लहान पिल्लू दाखवतं.

३.०० विद्यार्थिनी विचारते, "मॅडम, मग उंदीर लागतीलच कशाला?" लागतात. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार सापडतो, पण त्याला फुफ्फुसं नाहीत, गर्भाशय नाही. पाण्यात न विरघळणारं औषध पिल्लाच्या शरीरात किती गेलं, हेही सांगणं अवघड. मासा चाळणीचं काम करतो.

५.०० निकालांची नोंद. पिल्लू साधारण पाचव्या दिवशी स्वतः खाऊ लागतं. युरोपच्या कायद्यात तेव्हापासून त्याला संरक्षण आहे. आमचे बहुतेक प्रयोग त्याआधीच संपतात. मोठ्या माशांवर काही करायचं तर भूल देऊनच. आकार लहान म्हणून वेदना लहान, असं मानायचा अधिकार आपल्याला नाही.

६.०० आजच्या प्लेटमधली हृदयाला घातक ठरलेली रसायनं यादीतून काढते. त्यांच्यासाठी आता एकाही उंदराचा जीव जाणार नाही.