लाल ताऱ्याकडे टक लावू नये

रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, नुसत्या नजरेने ठरवता येते. आसपासचे, प्रत पक्की ठाऊक असलेले दोन तारे नकाशात शोधायचे: एक जरा ठळक, दुसरा जरा मंद. आपला तारा त्या दोघांमध्ये कुठे बसतो ते पाहून आकडा लिहायचा. हे नकाशे पुरवते १९११ साली अमेरिकेत स्थापन झालेली ‘एएव्हीएसओ’ ही निरीक्षकांची संघटना. त्यांवर ६.४ प्रत ‘६४’ अशी छापतात, दशांशचिन्हाचा ठिपका चुकून तारा वाटू नये म्हणून. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

तिमिंगल तारकासमूहातला मायरा घेऊ. डाव्हिड फाब्रिसियसने १५९६ साली त्याची नोंद केली. सुमारे ३३२ दिवसांच्या चक्रात तो नुसत्या डोळ्यांना दिसू लागतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. तो लाल आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

द्विनेत्रीतून झटकन पाहिलं तर तो शेजारच्या पांढऱ्या ताऱ्याहून मंद वाटतो. टक लावली की उजळू लागतो, बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो. नजर किंचित बाजूला वळवा, पांढरा तारा सावरतो आणि मायरा मागे पडतो. आकाशात काहीच बदललेलं नसतं.

बदलतात त्या पाहणाऱ्या पेशी. दृष्टिपटलावर सुमारे बारा कोटी दंडाकार आणि साठ लाख शंक्वाकार पेशी असतात. नजरेच्या नेमक्या मध्यावर फक्त शंक्वाकार. दंडाकार पेशींची सर्वांत जास्त दाटी मध्यापासून साधारण वीस अंशांवर. शंक्वाकार पेशींना एकूणात ५५५ नॅनोमीटरचा पिवळसर हिरवा प्रकाश सर्वांत उजळ भासतो, लालही चांगला दिसतो. दंडाकार पेशींचा कल ५०७ नॅनोमीटरकडे, निळसर हिरव्याकडे. गडद लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे थेट नजर आणि तिरकी नजर एकाच ताऱ्याला दोन वेगळ्या प्रती देतात. पहाटेच्या अंधूक उजेडात लाल रंग काळवंडतात आणि निळे आधी उठून दिसतात, हे यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ साली लिहून ठेवलं. दुर्बिणीशी आपण त्याचंच निरीक्षण पुन्हा करत असतो.

नकाशा वाचायला लाल, मंद टॉर्च वापरतात तोही याच कारणाने. दंडाकार पेशी अंधाराला पुरत्या सरावायला अर्धा तास तरी लागतो, आणि मोबाइलचा पांढरा झोत तो सराव क्षणात मोडतो. नवख्या सोबत्याला मी आधी हेच सांगतो.

म्हणून लाल ताऱ्यावर नजर रेंगाळू द्यायची नाही. दोन्ही तारे आळीपाळीने, सारखाच वेळ, नजरेच्या मध्यावर आणून पाहायचे. शेजारच्या निरीक्षकाचा आकडा विचारायचा नाही. दोघांत दोन-तीन दशांशांचा फरक पडला तरी दोन्ही नोंदी तशाच राहू द्यायच्या. आणि चांदणं असेल तर शेऱ्याच्या रकान्यात ‘बी’ हे अक्षर लिहायचं, कारण उजळलेल्या आकाशाखाली दंडाकार पेशींचा वाटा घटतो आणि लाल तारा आहे त्याहून ठळक दिसतो.