भाकितांच्या तक्त्यातील सुटलेला रकाना

फुटबॉलचा नवा हंगाम जवळ आला, की भाकितांना बहर येतो. अजिंक्यपद कोण पटकावील, तळाला कोण जाईल, कोणत्या परदेशी खेळाडूमुळे कोणाचे पारडे जड होईल, याचे आडाखे वृत्तपत्रांतून मांडले जातात आणि कचेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत, महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर ते तितक्याच हिरिरीने खोडले जातात. हा निरुपद्रवी आनंद कोणी हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु पुणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर आपला अनुभव असा, की संघ कितव्या क्रमांकावर येईल याची चर्चा रंगात असताना, तो पुढच्या वर्षी अस्तित्वात असेल काय, हा मूळचा प्रश्न बाजूला राहिला.

मुळात फुटबॉलचे भाकीत अवघड. क्रिकेटच्या डावात शेकडो धावा होतात. फुटबॉलच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरीने दोन-तीन गोल. एक फटका खांबाला लागून बाहेर गेला, की नव्वद मिनिटांचे वर्चस्व वाया जाते. संख्याशास्त्रज्ञांनी यावर उपाय शोधला. प्रत्येक संघाच्या आक्रमणाचे आणि बचावाचे बळ आकड्यात मांडून गोलांची संभाव्यता काढण्याची रीत १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये मांडली गेली आणि आजची गणितेही बव्हंशी त्याच वाटेने जातात. लांबलचक हंगामात दैवाचे हेलकावे एकमेकांना छेद देतात, म्हणून अशी गणिते ढोबळमानाने खरी ठरतात. तरीही २०१५-१६ मध्ये ज्याच्या विजयावर सट्टेवाल्यांनी एकास पाच हजार असा भाव दिला होता, तो लीस्टर सिटी इंग्लंडचा विजेता झाला.

आपल्याकडील उदाहरण याहून बोलके आहे. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये मिझोरमचा ऐझॉल एफसी नऊ संघांत आठवा आला. नववा होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण थेट प्रवेश मिळालेल्या संघाला पदावनतीपासून संरक्षण असल्याने खाली जाण्याची पाळी ऐझॉलवर आली. पुढे गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यावर ऐझॉलला परत बोलावण्यात आले, आणि एप्रिल २०१७ मध्ये खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली तोच संघ भारताचा विजेता ठरला! इथवर खेळाची गंमत आहे. पण ज्याला नियमाचे कवच होते, तो शिवाजीयन्स त्याच वर्षी लीगमधून दिसेनासा झाला, ही गंमत नव्हे.

मुळशीच्या वेशीवर म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभारले गेले. पुढे याच मैदानावर पुण्याच्या व्यावसायिक फुटबॉलचा डाव मांडला गेला आणि मोडलाही. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफसीने २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग हंगामात तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा क्रमांक मिळविला. २०१५ मध्ये तो संघ थांबला. भारत एफसी तर २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. शिवाजीयन्सची कथा वर आलीच. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि २०१९ मध्ये त्याचाही कारभार आटोपला. पाच वर्षांच्या आत चार संघ गेले, आणि त्यांतले दोन गुणतक्त्यात वरच्या बाजूला बसून आलेले होते.

पुण्याची रिकामी जागा हैदराबाद एफसीने घेतली. पहिल्या हंगामात हा संघ तळाला होता. मार्च २०२२ मध्ये तो विजेता झाला. पुढे पैशाअभावी त्याचीही दैना झाली आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला हलला. खुद्द लीगचे तरी काय? महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. तो पुढे कसा चालवायचा हे ठरेना, म्हणून २०२५-२६ चा हंगाम नेहमीच्या सप्टेंबरात सुरूच होऊ शकला नाही. संघांची भाकिते तयार होती, हंगामच नव्हता.

याचे कारण दडलेले नाही. या संघांचा खर्च तिकिटे आणि प्रक्षेपणहक्क यांतून भरून निघत नव्हता. तो मालकाच्या खिशातून होत होता. मालकाचा उत्साह ओसरला, की संघ संपला. त्याला थोपवून धरणारे सभासद, पेठ वा गाव मागे नव्हते. मुळशीकरांना हे वेगळे सांगावयास नको. डिसेंबर २०१७ मध्ये भूगावात महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला, तो या तालुक्यातील गावोगावच्या तालमींच्या पुण्याईवर. कोल्हापुरात तर याच तालमींनी फुटबॉल अंगावर घेतला. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पिढ्यान्‌पिढ्या शाहू स्टेडियमवर उतरत आहेत. तेथेही प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीचे गालबोट लागते, आणि देशाच्या लीगपर्यंत ते संघ पोहोचलेले नाहीत, हे मान्य. परंतु संघ हरला म्हणून पेठ त्याला विसर्जित करीत नाही.

भांडवलाविना आजचा फुटबॉल चालेल, असे कोणी म्हणणार नाही. उत्तम मैदान, प्रशिक्षक आणि प्रवास यांना पैसा लागतोच. पण पैशाबरोबर मुळे हवीत: शाळाशाळांतून येणारी मुले, हमखास मिळणारे मैदान, वर्गणी देणारे सभासद. या हंगामाचे अंदाज जरूर बांधावेत. मात्र गुण, गोल आणि क्रमांक यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: हा संघ दहा वर्षांनी कोणाच्या बळावर उभा असेल? बालेवाडीचे मैदान आजही तेथेच आहे. पुण्यात उद्या पाचवा संघ निघाला, तर त्याच्या चालकांना हा प्रश्न पहिल्या सामन्यापूर्वी विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर घडविण्यात आपलाही वाटा उचलला पाहिजे.