मेरी सू आणि तिचे टीकाकार

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतील एन.बी.सी. या दूरचित्रवाणी वाहिनीवर 'स्टार ट्रेक' ही विज्ञानमालिका सुरू झाली. जीन रॉडनबेरी हे तिचे जनक. 'एंटरप्राइझ' नावाचे अंतराळयान, त्याचा धाडसी कप्तान कर्क, अर्धा मानव व अर्धा व्हल्कन असलेला आणि भावनांना थारा न देणारा अधिकारी स्पॉक, तापट पण मायाळू डॉक्टर मॅकॉय अशा मंडळींच्या सफरींची ही कथा होती. तीन वर्षांत ७९ भाग दाखवून जून १९६९ मध्ये मालिका बंद पडली. प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात ती कधीच फारशी यशस्वी ठरली नव्हती. मात्र जे प्रेक्षक तिला लाभले ते विलक्षण निष्ठावान होते. दुसऱ्या वर्षी मालिका गुंडाळली जाणार अशी कुणकुण लागताच जॉन व बीजो ट्रिम्बल या दांपत्याने प्रेक्षकांना वाहिनीकडे पत्रे लिहिण्याचे आवाहन केले. पत्रांचा ओघ इतका वाढला, की १ मार्च १९६८ रोजी त्या दिवसाचा भाग संपताच मालिका पुढे चालू राहणार असल्याचे वाहिनीला पडद्यावरूनच जाहीर करावे लागले.

या प्रेक्षकांनी पत्रांबरोबर कथाही लिहिल्या. मालिकेतील पात्रे, त्यांचे यान आणि त्यांचे विश्व जसेच्या तसे घेऊन त्यांत स्वतःच्या कल्पनेने नवे प्रसंग गुंफलेल्या या कथांना 'फॅन फिक्शन' असे नाव आहे. प्रस्तुत लेखात आपण त्यांना 'रसिककथा' म्हणू. या कथांइतकीच, किंबहुना काही वेळा त्यांहूनही अधिक उद्बोधक अशी गोष्ट म्हणजे वाचकांनी त्यांची केलेली चर्चा होय.

विज्ञानकथेच्या वाचकांमध्ये पत्रव्यवहाराची परंपरा जुनीच होती. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले, पुढे त्यांची मंडळे झाली आणि १९३० पासून ही मंडळे आपापली छोटी नियतकालिके काढू लागली. अशा नियतकालिकाला 'फॅनझिन' म्हणतात. मराठी वाचकाला येथे साठोत्तरी काळातील अनियतकालिकांचे स्मरण होईल. दोहोंचे हेतू अगदी भिन्न असले, तरी स्टेन्सिलवर टंकलेखन करून सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढायच्या आणि स्वतःच्या खिशाला चाट लावून त्या टपालाने धाडायच्या, ही कार्यपद्धती दोन्हीकडे सारखीच होती.

'स्टार ट्रेक'ला वाहिलेले पहिले फॅनझिन 'स्पॉकॅनेलिया' सप्टेंबर १९६७ मध्ये निघाले. देव्हरा लँगसम व शर्ना कोमरफोर्ड या दोघी त्याच्या संपादिका होत्या. विज्ञानकथेच्या जुन्या वाचकमंडळांत पुरुषांचे प्राबल्य असे. 'स्टार ट्रेक'च्या रसिककथा लिहिणाऱ्यांत, छापणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत मात्र स्त्रियांची संख्या फार मोठी होती. व्यावसायिक मासिकांची दारे ज्यांना सहज उघडली नसती अशा अनेकींना येथे पहिला वाचक मिळाला. पुढे विज्ञानकादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेल्या लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनीही तरुणपणी असे लेखन केले होते.

अंक वाचून झाला की वाचकाने संपादकाला सविस्तर अभिप्राय लिहावा, अशी अपेक्षा असे. पुढील अंकात ही पत्रे छापली जात, त्यांना लेखिका उत्तरे देत आणि त्या उत्तरांवर पुन्हा पत्रे येत. एका लहानशा कथेवरील वाद कित्येक महिने चाले, कारण दोन अंकांमधील अंतरच तेवढे असे. पुढे तर केवळ पत्रेच छापणारी नियतकालिके निघाली. त्यांपैकी १९७७ मध्ये सुरू झालेले 'इंटरस्टॅट' १९९१ पर्यंत चालले.

या चर्चेत पहिला प्रश्न असे तो सुसंगतीचा. स्पॉक खरोखर असे वागेल काय? त्याचे वडील सारेक हे भावनांना कमी लेखणाऱ्या व्हल्कन समाजाचे प्रतिनिधी. मग त्यांनी अमँडा या मानव स्त्रीशी विवाह का केला? मालिकेने हे प्रश्न अर्धवट सोडले होते. त्यांची उत्तरे शोधताना वाचकांनी व्हल्कन समाजाचे रीतिरिवाज रचले, भाषा रचली. डोरोथी जोन्स यांनी 'स्पॉकॅनेलिया'साठी 'नि वार' हा व्हल्कन शब्द घडवला. एकाच वस्तूची दोन रूपे समोरासमोर ठेवणाऱ्या कलाप्रकाराचे ते नाव होते. पुढे हा शब्द दुसऱ्या रसिककथेच्या शीर्षकात आला, नंतर अधिकृत मालिकेतील एका यानाला मिळाला. आणि २०२० मध्ये 'स्टार ट्रेक : डिस्कव्हरी' या मालिकेत खुद्द व्हल्कन ग्रहालाच 'नि वार' असे नवे नाव देण्यात आले. चाहतीने घडवलेला शब्द मूळ कथाविश्वात रुजायला असा अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

या साऱ्या चर्चेतून जन्मलेली सर्वांत प्रसिद्ध कथा अवघ्या एका पानाची आहे. १९७३ मध्ये 'मेनाजरी' या फॅनझिनच्या दुसऱ्या अंकात पॉला स्मिथ यांची 'अ ट्रेकीज टेल' ही विडंबनकथा प्रसिद्ध झाली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी सू ही संपूर्ण अंतराळदलातील सर्वांत तरुण अधिकारी. वय साडेपंधरा वर्षे. कप्तान कर्क तिला पाहताक्षणीच प्रेमात पडतो आणि कॉफी आणायला जाताना यानाची सूत्रे तिच्या हाती देऊन मोकळा होतो. स्पॉक तिच्या तर्कबुद्धीपुढे नतमस्तक होतो. सर्वांना बंदिवास घडतो तेव्हा ती केसांतल्या आकड्याने कुलूप उघडते. यानावरील मंडळी आजारी पडतात तेव्हा ती एकटी यान चालवते आणि शांततेच्या नोबेल पारितोषिकासह मानसन्मान पटकावते. अखेरीस तीही आजारी पडून मरण पावते आणि झाडून सारे नायक तिच्या शय्येभोवती ढसाढसा रडतात.

वाचकांना हसू आले, कारण अशा नायिका त्यांनी डझनावारी वाचल्या होत्या. लिहायला नुकताच आरंभ केलेली मुलगी आपल्या आवडत्या नायकांच्या सहवासात स्वतःलाच कल्पनेने उभी करते आणि मग तिला स्वतःत एकही उणीव ठेववत नाही. विडंबनाने नेमके बोट ठेवले ते या दोषावर. नायिकेला कशासाठीही झगडावे लागत नसेल, तर कथेत संघर्ष उरत नाही. आणि इतर साऱ्या पात्रांना तिची स्तुती करण्यावाचून दुसरे काम नसेल, तर ती पात्रेही आपला स्वभाव गमावून बसतात. अर्ध्याअधिक टीकाग्रंथांना जे समजावता येत नाही, ते या एका पानाने समजावले असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पण विडंबनाचे शस्त्र एकदा हातातून सुटले की ते कोणावर पडेल याचा नेम नसतो. 'मेरी सू' हे त्या कथेतील विशेषनाम लवकरच सामान्यनाम झाले. संपादकांच्या सूचनांत, वाचकांच्या पत्रांत ते ठरावीक शिक्क्यासारखे वापरले जाऊ लागले. कॅमिल बेकन-स्मिथ या अभ्यासिकेने 'एंटरप्रायझिंग विमेन' (१९९२) या ग्रंथात या लेखिकांच्या जगाचे जवळून दर्शन घडवले आहे. या शिक्क्याच्या धास्तीने अनेकींनी आपल्या कथांतून कर्तबगार स्त्रीपात्रे रंगवणेच टाळले, असे त्यात दिसून येते. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेल्या व्यासपीठावर स्त्रीलाच नायिका होण्याची चोरी व्हावी, हा विपर्यास म्हणावा लागेल. शिवाय एक अडचणीचा प्रश्न उरतोच. कर्क हाही लहान वयात कप्तान झालेला, प्रत्येक संकटातून निसटणारा आणि ग्रहोग्रहीच्या सुंदरींना मोहवणारा पुरुष आहे. त्याला कोणी मेरी सू का म्हणत नाही? हा प्रश्न चाहत्यांनी स्वतःच उपस्थित केला, ही त्यांच्या चर्चेची जमेची बाजू होय.

नवशिक्या लेखिकेला तिच्या कथेतील दोष सांगावा, पण तिची लेखणी थांबू नये, हे कसे साधावे? यावर या मंडळींनी हळूहळू एक व्यवहार्य तोडगा काढला. कथा प्रसिद्ध होण्यापूर्वी एका जाणत्या वाचकाने ती खासगीरीत्या तपासावी, अशी पद्धत रूढ झाली. अशा वाचकाला पुढे 'बीटा रीडर' हे नाव मिळाले. चारचौघांत होणारी फजिती त्यामुळे पुष्कळ प्रमाणात टळली.

लांबीचे बंधन हाही शिकण्याचा एक मार्ग ठरला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या विज्ञानकथा मंडळाने १९८० च्या दशकात नेमक्या १०० शब्दांच्या कथेचा खेळ रूढ केला. तिला 'ड्रॅबल' म्हणतात. १९८८ मध्ये 'द ड्रॅबल प्रोजेक्ट' या नावाने अशा कथांचा संग्रहही निघाला. हा प्रकार रसिककथाकारांना विशेष मानवला, आणि त्याचे कारण उघड आहे. पात्रांचा परिचय करून देण्यात त्यांना एकही शब्द खर्चावा लागत नाही. स्पॉकने भुवई उंचावली एवढे लिहिले, तरी वाचकाला पुढचे सारे समजते. अर्थात मूळ मालिका न पाहिलेल्याच्या हाती अशी कथा पडली तर त्याला तिच्यात काहीच गवसणार नाही, ही तिची मर्यादाही तितकीच खरी.

आता हक्काचा प्रश्न. महाभारतातील पात्र घेऊन कादंबरी लिहिणाऱ्या मराठी लेखकाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. कर्क आणि स्पॉक ही मात्र एका कंपनीच्या मालकीची पात्रे आहेत. रसिककथांची तुलना पुराणकथांच्या पुनर्कथनाशी सर्रास केली जाते; परंतु हा भेद नजरेआड केला तर ती तुलना फसवी ठरते. 'स्टार ट्रेक'च्या फॅनझिनांना बहुतांशी अभय मिळाले, ते प्रामुख्याने त्यांत कोणी नफा कमावत नव्हते म्हणून. चाहत्यांनी मोठ्या रकमा जमवून चित्रपट काढण्याचा घाट घातला, तेव्हा मालक कंपन्या डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयात गेल्या आणि २०१६ मध्ये त्यांनी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी लांबीच्या व वर्गणीच्या मर्यादा घालून दिल्या.

लेखी कथांच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंनी काही पावले टाकली गेली. १९७६ मध्ये सोंद्रा मार्शॅक व मर्ना कलब्रेथ यांनी संपादित केलेला 'स्टार ट्रेक : द न्यू व्हॉयेजेस' हा रसिककथांचा संग्रह एका व्यावसायिक प्रकाशनाने काढला आणि त्याला खुद्द रॉडनबेरी यांनी प्रास्ताविक लिहिले. १९९८ ते २००७ या काळात 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या स्पर्धेतून निवडलेल्या चाहत्यांच्या लघुकथांचे १० खंड निघाले. २०१६ मध्ये आणखी एका संग्रहाची भर पडली. विजेत्यांना रीतसर मानधन मिळे. कथा ७,५०० शब्दांच्या आत असावी अशी अट होती, आणि व्यावसायिक लेखक म्हणून जम बसलेल्यांना या स्पर्धेत प्रवेश नव्हता.