ठासणीची बंदूक, रानटर्की आणि आपला माळढोक

साक्रीच्या एका श्रोत्याने व्हिडिओ पाठवलाय. अमेरिकेतला एक माणूस ठासणीची रायफल घेऊन रानटर्कीच्या मागे निघालाय. सोबत प्रश्न : "आमच्या आजोबांकडेही ठासणीची होती. तेही असेच पक्षी मारायचे का?"

आधी बंदूक समजून घेऊ. ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. नळीत दारू ओतायची, वर बोळा घालून गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा. मागे टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एकच बार! पुढचा भरेपर्यंत मिनिटभर सहज जातं, आणि तोवर समोर नुसता धूर. दारू ओली झाली असेल तर 'टक्' एवढाच आवाज.

आपल्याकडची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत पेचदार खाचा असतात, त्यामुळे एकच गोळी फिरत फिरत लांब आणि सरळ जाते. टर्कीचा शिकारी झुडपात लपून मादीचा आवाज काढतो, नर शोधत जवळ येतो. आता गंमत बघा, तो आवाज ऐकून दुसरा शिकारीही तिकडेच वळू शकतो! लांब जाणारी गोळी अशा वेळी माणसाचा जीव घेते. म्हणून तिथल्या अनेक राज्यांत टर्कीसाठी रायफल चालत नाही, छर्र्यांची बंदूकच लागते.

ठासणीवाले म्हणतात, एकच बार असल्यामुळे पक्ष्याला संधी मिळते. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या दख्खनचा इतिहास वेगळं सांगतो.

आपल्याकडे रानटर्की नाही. तसा मोठा, माळावर चालणारा पक्षी म्हणजे माळढोक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, टर्कीपेक्षा जड. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनमध्ये फिरून पाहणी करत होता. १८३२ मध्ये त्याने इथल्या पक्ष्यांची यादी छापली. माळढोक इथे भरपूर असल्याचं तो सांगतो, आणि एका गृहस्थाने हजारभर मारल्याचंही. एका माणसाने! तेव्हा मागून काडतूस घालायच्या बंदुका प्रचारात आल्याच नव्हत्या. म्हणजे हे सगळे बार ठासून भरलेले, एकेक करून. बंदूक सावकाश होती, पण पक्षी त्याहून सावकाश वाढतो. माळढोकाची मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते.

टर्कीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांतून संपली होती. मग शिकारीला आळा घातला, रानातले पक्षी जाळ्यात धरून दुसऱ्या रानात सोडले. आज तिथे हौसेने बार काढता येतो तो त्या मेहनतीच्या जोरावर. आपल्याकडे माळढोक शे-दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. सगळा दोष बंदुकीचा नाही, माळराने गेली, विजेच्या तारा आल्या. पण सुरुवात बंदुकीने केली, हे खरं.

आता आजोबांचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तोही पीक राखण्यासाठी. म्हणजे आजोबांचा परवाना बहुधा रानडुकरांपासून शेत राखायचा असणार. कधी एखादा तितर ताटात आला असेल, नाही म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही काही काळ छोट्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. आज तितर मारला तरी गुन्हा.

आणि भाऊ, ती बंदूक अजून माळ्यावर असेल, तर एक ऐका. ठासलेला बार वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि बाहेरून काही कळत नाही. जाणते लोक गज नळीत सोडून बघायचे, तो पूर्ण तळाला गेला नाही तर आत काहीतरी आहे. तुम्ही मात्र गजही घालू नका. चापाला हात लावू नका, नळीत डोकावू नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका. पोलीस ठाण्यात जाऊन सांगा की आजोबांच्या नावावरची बंदूक घरात आहे, भरलेली असू शकते. न्यायची कशी ते त्यांनाच ठरवू द्या. जुना परवाना सापडला तर सोबत न्या.