मासे वर का आले?

वैशाखातील एका रविवारी पहाटे पुण्याचे तीन स्नेही लोणी काळभोरनजीक मुळामुठेच्या काठी येऊन ठेपले. त्यांच्यापैकी एकाने काश्मिरात ट्राउट माशाची शिकार पाहिली होती आणि तीच विद्या येथे चालवून पाहण्याचा त्यांचा बेत होता.

या विद्येत गांडुळाचे किंवा कणकेचे आमिष नसते. गळाच्या आकड्याभोवती पिसे व रेशमी धागा गुंडाळून एक खोटी माशी तयार करतात आणि ती पाण्यावर अलगद टाकतात. ट्राउट किडा टिपण्यासाठी वर येतो, तेव्हा पाण्यावर वर्तुळ उमटते. जेथे वर्तुळ तेथे माशी, हा या खेळातला पहिला पाठ होय.

आणि त्या पहाटे मुळामुठेवर वर्तुळेच वर्तुळे होती! मित्रांच्या आनंदास पारावार उरला नाही. दोन तास त्यांनी माशी फेकली, माशा बदलल्या, एकमेकांच्या हातांना नावे ठेवली. परंतु एकही मासा गळास लागला नाही. अखेर जाळे आवरीत असलेला एक वृद्ध भोई म्हणाला, “सायेब, मासं खायाला न्हाई वर आलं, हवेला आल्यात.”

म्हाताऱ्याचे हे एक वाक्य अगदी शास्त्रशुद्ध होते. मासा श्वास घेतो तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा. दहा अंश उष्णतेच्या एक लिटर शुद्ध पाण्यात हा वायू सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो. तीस अंशांस जेमतेम साडेसात. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मिरात आणून वाढविलेला विलायती ट्राउट हिमाच्या पाण्यात सुखाने नांदला. दख्खनच्या उन्हाळी नदीत तो जगणे नाही.

पण मुळामुठेचे दुखणे केवळ उष्णतेचे नव्हे. शहराचे पुष्कळसे सांडपाणी शुद्ध न होताच नदीत येते. ती घाण कुजविणारे सूक्ष्म जंतू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. दिवसा शेवाळ सूर्यप्रकाशात थोडी भरपाई करते. रात्री तेही इतरांप्रमाणे प्राणवायू घेऊ लागते. जेथे जलपर्णीने पाणी झाकले आहे, तेथे दिवसाची भरपाईही तुटपुंजीच. त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास टंचाई पराकोटीस पोहोचते. हवेला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरात मात्र थोडा प्राणवायू असतो, आणि गुदमरलेले मासे तेवढ्यासाठी तोंड वर काढतात. मित्रांनी ज्याला भूक समजून हर्ष केला, ती धाप होती. ऊन चढले तशी वर्तुळे नाहीशी झाली, तेव्हा मासे सावध झाले, असे अनुमान त्यांनी काढले, तेही चुकलेच.

याच नदीची पूर्वीची कीर्ती ऐकून आज खरे वाटणार नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनी महाशीराचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, ते पुण्याच्या पूर्वेकडील याच मुळामुठेतील माशावरून. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्दही इकडच्याच बोलीतून घेतलेला आहे. पुढे १९७० च्या सुमारास लोणावळ्यास या माशाची कृत्रिम पैदास साधली. त्याची पिले दूरवर गेली, कावेरीतही गेली, आणि तेथे त्यांनी मूळच्या महाशीरालाच मागे रेटले. घरच्या नदीने हाकललेला पाहुणा परक्या घरी असा शिरजोर झाला!

लोणीच्या पाण्यात आता तग धरतो तो चिलापी. तो मूळचा आफ्रिकेचा, आणि थोड्या प्राणवायूवरही भागविणारा. मात्र त्याला पिसांच्या माशीचे फारसे कौतुक नाही. शेवाळ आणि तळचा गाळ हा त्याचा आहार. दुपारी गावातला एक मुलगा बांबूची काठी व कणकेच्या गोळ्या घेऊन आला आणि तासाभरात त्याने चार चिलापी काढले. मित्रांनी त्यांतले दोन विकत मागितले. त्याने दिले नाहीत. घरी कालवण व्हावयाचे होते.