मेंदूतील न फुटलेल्या ॲन्युरिझमचे मानसिक परिणाम

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमनीची भित्तिका एखाद्या जागी दुर्बळ होऊन तेथे फुगवटा निर्माण होतो, त्यास ॲन्युरिझम किंवा धमनीविस्फार म्हणतात. तो फुटलेला नसल्यास बहुतेकांना कोणताही शारीरिक त्रास जाणवत नाही. तथापि तो असल्याचे समजल्यानंतर अनेक व्यक्तींमध्ये चिंता, निद्रानाश व नैराश्य उद्भवते. हे परिणाम प्रामुख्याने विस्फारामुळे नव्हे, तर त्याच्या जाणिवेमुळे घडतात. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात पाळ्यांचे काम आणि नोकरीची अनिश्चितता यांमुळे या प्रश्नाची तीव्रता वाढते.

निदान व धोक्याचे स्वरूप

सुमारे ३ टक्के प्रौढांमध्ये असा विस्फार असतो, असे अनुमान आहे. डोकेदुखी, चक्कर किंवा अपघात यांसाठी केलेल्या एमआरआय अथवा सीटी तपासणीत तो बहुधा योगायोगाने आढळतो. जपानमधील ५,७२० रुग्णांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुटण्याचे प्रमाण वर्षाला ०.९५ टक्के आढळले. विस्फाराचा आकार व स्थान, रुग्णाचे वय, उच्च रक्तदाब आणि पूर्वी झालेला रक्तस्राव यांनुसार हा धोका कमीअधिक होतो. लहान विस्फारावर शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो.

मानसिक परिणाम

रुग्णास समजावून सांगताना विस्फाराला ‘फुगा’ म्हटले जाते. हा शब्द सोपा असला, तरी फुगा म्हणजे फुटणारी वस्तू, असा अर्थ त्यासोबत मनात रुजतो. वर्षाला १०० पैकी सुमारे ९९ जणांचा विस्फार फुटत नाही, ही बाब मागे पडते. दुसरीकडे, हा धोका दरवर्षीचा असल्याने तरुण रुग्णापुढे संपूर्ण आयुष्याचा प्रश्न उभा राहतो; त्यामुळे त्याची भीती निराधार म्हणता येत नाही.

साधी डोकेदुखीही रक्तस्रावाची सूचना वाटणे, वारंवार रक्तदाब मोजणे, जड वस्तू उचलणे, प्रवास किंवा शरीरसंबंध टाळणे, एकटे राहण्याची धास्ती घेणे ही लक्षणे दिसू शकतात. पुढील तपासणीची तारीख जवळ येताच चिंता वाढते. बाहेरून व्यक्ती धडधाकट दिसत असल्याने कुटुंबीयांना तिची अवस्था उमगत नाही. काही घरांत याउलट अतिकाळजीमुळे तिचे स्वातंत्र्य आक्रसते.

क्लिप किंवा कॉइल बसविल्यानंतर अनेकांची चिंता उतरते. मात्र या उपचारांतही पक्षाघातासारखे धोके असल्याने केवळ भीतीपोटी शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य मानले जात नाही.

औद्योगिक पट्ट्यातील संदर्भ

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिल्यानंतर या भागाचे औद्योगिकीकरण वेगाने झाले. पुढे चाकण हे वाहननिर्मितीचे मोठे केंद्र बनले. येथील अनेक कामगार तीन पाळ्यांत काम करतात. रात्रपाळीमुळे झोपेची घडी विस्कटते, अपुऱ्या झोपेने चिंता वाढते आणि चिंतेमुळे उरलीसुरली झोपही जाते.

कंत्राटी कामगाराला निदान उघड झाल्यास काम जाण्याची भीती असते. निदान लपविल्यास तपासणीसाठी रजा मागणे अवघड होते आणि काम बदलून घेण्याचा मार्गही बंद होतो. क्रेन, उंचावरील काम किंवा अवजड वाहन यांबाबतचा निर्णय सरसकट न घेता त्या रुग्णाच्या तपासणीवरून घेणे आवश्यक ठरते.

राज्य कर्मचारी विमा योजनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारांचा समावेश होतो. या योजनेचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगर भागात आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार मानसिक उपचारांविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णास आहे. कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक आहे.

उपचार व आधार

धोक्याचा आकडा रुग्णाच्या भाषेत, ‘किती जणांमध्ये फुटतो’ यासोबत ‘किती जणांमध्ये फुटत नाही’ अशा दोन्ही अंगांनी सांगणे ही पहिली पायरी होय. धूम्रपान सोडणे व रक्तदाब आटोक्यात ठेवणे या रुग्णाच्या हातातील गोष्टी आहेत. त्यांमुळे असहायतेची भावनाही कमी होऊ शकते. चिंता दीर्घकाळ टिकल्यास समुपदेशन, वर्तनोपचार व आवश्यकतेनुसार औषधे उपयोगी पडतात. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्या लेखनातून परिचित झाली आहे. धोक्याची शक्यता आणि खात्री यांतील फरक ओळखण्यास अशा पद्धती साहाय्य करतात. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा (१४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून निःशुल्क उपलब्ध आहे.

तातडीची लक्षणे

काही क्षणांत शिगेला पोहोचणारी, पूर्वी कधीही न अनुभवलेली डोकेदुखी, तिच्यासोबत उलटी, मान आखडणे किंवा शुद्ध हरपणे, तसेच अचानक पापणी खाली पडणे अथवा दुहेरी दिसणे या लक्षणांत विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी लागते. ही लक्षणे नेमकी ठाऊक असल्यास रोजच्या साध्या डोकेदुखीची धास्ती कमी होण्यास मदत होते.