कपाटातल्या कॅसेटी आणि आपली माणसे

भीमजयंतीची रात्र. बुद्धविहारासमोर मंडप, दोन पार्ट्यांचा कव्वालीचा सामना आणि भोंग्याजवळ स्टुलावर ठेवलेला टेपरेकॉर्डर. पांढरकवडा, वणी, घाटंजी या भागातील बौद्ध वस्त्यांमध्ये तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हे चित्र नेहमीचे होते. कार्यक्रम पहाटे संपे, पण त्याच्या कॅसेटी पुढे वर्षभर घरोघर फिरत. कोणाकडे डबल टेप असला की त्याच्या घरी जाऊन कोऱ्या कॅसेटीवर कार्यक्रम उतरवून घ्यायचा. माझ्याजवळची तू घे, तुझ्याजवळची मला दे, एवढाच हा व्यवहार. त्यात पैशाचा संबंध नव्हता.

बाजारातही भीमगीतांच्या कॅसेटी मिळत होत्याच. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज त्यांनीच झोपडीपर्यंत पोहोचवले. मग घरच्या खरखरणाऱ्या कॅसेटीचे महत्त्व काय, असे कोणी विचारील.

स्टुडिओत गाणे ठरलेल्या मिनिटांत बसवावे लागते. मंडपात तसे नसते. गायक मध्येच थांबून चळवळीतला प्रसंग सांगतो, समोरच्या पार्टीला उत्तर देतो, गावातल्या घटनेवर जागच्या जागी कडवे जोडतो. आणि बक्षीस देणाऱ्याचे नाव पुकारतो. दोन रुपये, पाच रुपये देणारी शेतमजूर बाई, हमाली करणारा बाप, शिकणारे पोर, सगळ्यांची नावे माईकवरून घेतली जातात. ज्यांचे नाव कधी वर्तमानपत्रात आले नाही, ती आपली मागची पिढी त्या फितीवर नावानिशी हजर आहे.

हे मला उशिरा कळले. शाळेत असताना मी रेडिओवरची सिनेमाची गाणी भरून घेण्यासाठी मोठ्या काकांची एक कॅसेट वापरली. जुनी कव्वाली पुसली गेली. काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "त्यात तुझ्या आजीचं नाव होतं रे." आजीचा फोटो आमच्या घरात नाही. ती कॅसेट दुसऱ्या कोणाकडे असेल म्हणून मी आजही विचारत असतो.

लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी झाला. १५ मे २००४ रोजी ते गेले. आयुष्यभर ते गावोगाव गात हिंडले. 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे त्यांचे संग्रह छापले गेले, पण मंडपात रंगलेला कार्यक्रम पुस्तकात उतरत नाही. त्यांची गीते आज हजारो तोंडी आहेत आणि कवीचे नाव मात्र पुष्कळदा सुटते. गाण्याआधी कवीचे नाव घेतलेली एखादी जुनी कॅसेट सापडली, तर तोच पुरावा ठरतो.

अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' नावाची गायक-वादकांची मंडळी होती. श्रोते त्यांचे कार्यक्रम टेप करीत. मंडळींनी त्यांना अडवले नाही. उलट १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. अट एकच होती : अदलाबदल करा, विकू नका. त्यांच्या १९७७ सालच्या एका कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण रसिकांमध्ये असेच हातोहात फिरले. पुढे ते तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जतन यादीत २०११ साली घेतले गेले. आपल्या लोकांनी तर कोणी न शिकवता हीच रीत पाळली. कमी पडली ती जपणूक.

फीत कायम टिकत नाही. दमट कपाटात तिला बुरशी लागते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची फीत साठ मिनिटांच्या कॅसेटीपेक्षा पातळ असते, म्हणून लवकर तुटते. तेव्हा आधी कॅसेटीच्या मागच्या दोन खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून दुसरे काही भरले जाणार नाही. बुरशीची पांढरी बुटके दिसली तर कॅसेट वाजवू नका, जाणकाराला दाखवा. टेपचे हेड स्पिरिटने पुसा. मग हेडफोनच्या जागी वायर लावून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. 'वेव्ह' प्रकारात एका तासाला साधारण सहाशे एमबी जागा लागते. मोबाइलवर पाठवायची लहान प्रत नंतर काढावी, मूळ मोठीच ठेवावी. दोन प्रती दोन वेगळ्या घरी असाव्यात.

यासोबत एक नोंदवही हवी. गाव, साल, गायक, कवी, ढोलकी-पेटी वाजवणारे, बक्षीस देणाऱ्यांची नावे आणि कॅसेट कोणाच्या घरची, हे त्यात लिहावे. आवाज ओळखणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच हे काम होईल.

विक्री मात्र करू नये. कायद्याने कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. आपल्या कितीतरी कलावंतांची कुटुंबे हलाखीत जगतात. गायक हयात असेल तर त्याला विचारावे आणि पहिली प्रत त्याच्या घरी द्यावी.

येत्या १४ एप्रिलच्या आधी एका रविवारी वंदना झाल्यावर प्रत्येकाने घरच्या कॅसेटी विहारात आणाव्यात. आयाबायांना जवळ बसवून त्या ऐकाव्यात. कोणाची आजी, कोणाचा बाप त्यात सापडेल.

जयभीम!